ज्यांनी भिंत मागितली, त्यांनीच ती पोखरली

२० मार्च २००५, रविवार. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहाचा तो पहिला दिवस होता. अमेरिकेची काँग्रेस सुट्टीवर गेलेली होती. तरीही प्रतिनिधींना घाईघाईने राजधानीत बोलावण्यात आले. अध्यक्ष जॉर्ज बुश टेक्सासमधील आपल्या शेतघरातील मुक्काम आटोपता घेऊन विमानाने वॉशिंग्टनला परतले. मध्यरात्र उलटल्यावर प्रतिनिधिगृहाने २०३ विरुद्ध ५८ मतांनी एक विधेयक संमत केले आणि उत्तररात्री अध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी केली. कोणते युद्ध पेटले होते? कोणते आर्थिक संकट कोसळले होते? यांपैकी काहीही घडलेले नव्हते. फ्लोरिडा राज्यात पंधरा वर्षे अचेतन अवस्थेत असलेल्या एका महिलेची अन्न पुरवणारी नळी न्यायालयाच्या आदेशाने दोन दिवसांपूर्वी काढण्यात आली होती. ती पुन्हा बसवावी की नाही, हा पती आणि आईवडील यांच्यातील वाद राज्याच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चालून निकाली निघाला होता. तो पुन्हा उघडण्यासाठी जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राची संसद रात्री जागली.

न्यायालये मात्र बधली नाहीत. खटला ज्या अपील न्यायालयापुढे गेला, तेथील एका परंपरावादी न्यायाधीशानेच काँग्रेस आणि अध्यक्ष यांची ही कृती राज्यघटनाकारांच्या कल्पनेशी विसंगत असल्याचे आपल्या मतात नोंदवले. त्यांची नेमणूक बुश यांच्या वडिलांनी केली होती, हे विशेष. जनमत चाचण्यांत बहुसंख्य अमेरिकनांनी संसदेने या प्रकरणात पडायलाच नको होते, असे सांगितले. ३१ मार्चला त्या महिलेचे निधन झाले.

प्रश्न असा उभा राहतो की, जनमत विरोधात, न्यायालये विरोधात, आणि राज्यांच्या अधिकारांचा जयघोष करणारे रिपब्लिकन पक्षाचे स्वतःचे तत्त्वज्ञानही विरोधात असताना ही धावपळ कोणासाठी झाली? उत्तर सर्वांना ठाऊक होते. सनातनी ख्रिस्ती मतदारांचा संघटित गट त्या पक्षाचा कणा बनला होता, आणि कण्याला दुखावून कोणी उभे राहू शकत नाही. लोकशाहीत संघटित अल्पसंख्या असंघटित बहुसंख्येला कशी वळवते, याचे आधुनिक काळातील हे ठळक उदाहरण आहे. म्हणूनच त्याचा इतिहास मुळापासून पाहिला पाहिजे.

चीजचा गोळा आणि एक पत्र

अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये सिद्ध झाली. तिच्या मूळ कलमांत ईश्वराला आवाहन नाही. कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धार्मिक कसोटी लावली जाणार नाही, असे मात्र तिने स्पष्ट बजावले. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने कोणत्याही पंथाला राजपंथ करण्यास आणि उपासनेच्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करण्यास काँग्रेसला मनाई केली. ही व्यवस्था नास्तिकांनी श्रद्धावंतांवर लादली, असा प्रचार आज अनेक व्यासपीठांवरून होतो. इतिहास नेमका उलट आहे.

त्या काळी कनेक्टिकट राज्यात काँग्रिगेशनल चर्च हे राजमान्य चर्च होते. त्याच्या पोषणासाठी कर द्यावा लागे. बॅप्टिस्ट पंथीयांना त्यातून सूट हवी असेल, तर आपण बॅप्टिस्ट असल्याचा दाखला सादर करण्याची नामुष्की पत्करावी लागे. व्हर्जिनियात तर परवान्याविना प्रवचन केल्याबद्दल बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकण्यात आले होते. कनेक्टिकटमधील डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी १८०१ मध्ये अध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. १ जानेवारी १८०२ रोजी जेफर्सन यांनी त्यांना जे उत्तर धाडले, त्यातच चर्च आणि राज्य यांच्यामधील भिंतीची ती विख्यात उपमा आहे. योगायोग असा की, त्याच दिवशी जॉन लेलँड नावाचे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक मॅसेच्युसेट्समधील चेशायर गावाच्या शेतकऱ्यांनी बनवलेला १२३५ पौंडांचा चीजचा अजस्र गोळा घेऊन अध्यक्षांच्या दारी पोहोचले होते. उपासनास्वातंत्र्याच्या कैवाऱ्याला श्रद्धावान गावकऱ्यांनी दिलेली ती कृतज्ञतेची भेट होती.

तात्पर्य, भिंत मागितली ती श्रद्धावंतांनी, आणि ती मागितली श्रद्धेच्या रक्षणासाठी. शासनाचा हात एकदा मंदिरात शिरला, की तो केवळ दक्षिणा टाकून परत जात नाही, हे त्यांनी सोसून जाणले होते. त्याच बॅप्टिस्टांचे वारस दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी ही भिंत पोखरायला पुढे सरसावले, ही या कथेतील शोकांतिका आहे.

श्रद्धेचे राजकारण सर्वच त्याज्य नव्हे

येथे एका गोष्टीचा विवेक केला पाहिजे. नागरिकाने आपली श्रद्धा घरी खुंटीला टांगून मतदानास जावे, ही अपेक्षा अनैसर्गिक आहे. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीला बळ मिळाले ते अनेक चर्चमधून. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सचे नेतृत्व करणारे मार्टिन ल्यूथर किंग हे स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते.

मराठी वाचकाला तर या शक्तीचा परिचय फार पूर्वी झाला. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरील ग्रंथात तेथील स्त्रियांच्या संस्थांचे, विशेषतः मद्यपानाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती महिला संघाचे, मोठ्या आस्थेने वर्णन आहे. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या संसारांसाठी त्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पुढे या चळवळीची सूत्रे अँटी सलून लीगसारख्या दबावगटाकडे गेली. उमेदवाराचे चारित्र्य काय, त्याची इतर धोरणे काय, हे न पाहता केवळ दारूबंदीवर तो कसे मत देतो, एवढ्याच निकषावर त्याला निवडून आणायचे वा पाडायचे, हे तंत्र लीगने सिद्ध केले. १९१९ मध्ये दारूबंदी थेट राज्यघटनेत गेली, १९२० मध्ये अमलात आली आणि गुन्हेगारी टोळ्यांचे राज्य पोसून १९३३ मध्ये रद्द झाली. समाजाचे मन वळण्याआधी कायदा वळवला, तर त्याची काय गत होते, याचा हा धडा होता. मात्र यश कसे मिळवावे, एवढाच अर्धा धडा पुढच्या पिढीने लक्षात ठेवला. अपयशाचा अर्धा विसरला.

व्यासपीठावरून मतपेटीकडे

१९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातील डेटन या छोट्या गावात उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. शिक्षकाला १०० डॉलरचा दंड झाला, पण वृत्तपत्रांतून सनातनी ख्रिस्ती समाजाचे देशभर हसे झाले. त्यानंतर हा समाज बराच काळ आपल्या शाळा, आपली नभोवाणी केंद्रे आणि आपली चर्चेस यांत रमला. राजकारण हे मलिन क्षेत्र आहे, अशी त्याची धारणा होती. व्हर्जिनियातील लिंचबर्गचे धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी १९६५ मध्ये, किंग यांच्या मोर्चांच्या ऐन काळात, धर्मोपदेशकाचे काम आत्मे वाचवण्याचे आहे, राजकारणाचे नव्हे, असे प्रवचन दिले होते. याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना काढली. मधल्या चौदा वर्षांत काय घडले?

रूढ उत्तर असे की, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले आणि श्रद्धावान समाज खवळून उठला. कॅथलिकांच्या बाबतीत ते खरे आहे. त्यांचा विरोध आधीपासूनचा होता. पण सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने १९७१ मध्ये केलेला ठराव निराळेच सांगतो. बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, मातेच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास धोका अशा प्रसंगी गर्भपाताची मुभा देणाऱ्या कायद्यासाठी प्रयत्न करावेत, असे तो ठराव म्हणतो. मग पहिली ठिणगी कोठे पडली? इतिहासकार रँडल बाल्मर यांच्या मते ती पडली करसवलतीच्या प्रश्नावर. वर्णभेद पाळणाऱ्या खाजगी शाळांना करसवलत मिळणार नाही, असा निर्णय १९७१ मध्ये झाला. कृष्णवर्णीय व गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या परस्पर प्रेमसंबंधांवर बंदी घालणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत १९७६ मध्ये काढून घेण्यात आली. ख्रिस्ती शाळांवर शासन चालून येत आहे, या भावनेने धर्मोपदेशक एकत्र आले. या आघाडीचे शिल्पकार पॉल वेरिच यांनीही पुढे शाळांचा हा प्रश्नच निर्णायक ठरल्याचे सांगितले. शाळांतील सामुदायिक प्रार्थना घटनाबाह्य ठरवणारे १९६२ आणि १९६३ चे निकाल, कुटुंबसंस्थेची पडझड, वाढते घटस्फोट यांची अस्वस्थताही होतीच, आणि ती खोटी नव्हती. आपली मुले कोणत्या संस्कारांत वाढणार, ही कोणत्याही आईबापांची स्वाभाविक चिंता आहे. त्या चिंतेला वाहन हवे होते. गर्भपातविरोध हे ते वाहन ठरले, कारण वर्णभेदाचे समर्थन उघड माथ्याने करता येत नव्हते.

१९८० च्या ऑगस्टमध्ये डॅलस येथे हजारो धर्मोपदेशक व कार्यकर्त्यांचा मेळावा भरला. रोनाल्ड रेगन तेथे आले आणि तुम्हाला मला पाठिंबा देता येत नसला, तरी माझा तुम्हाला पाठिंबा आहे, अशा आशयाचे सूचक विधान करून त्यांनी सभा जिंकली. त्या निवडणुकीत रेगन यांच्यासमोर होते जिमी कार्टर. ते स्वतः सदर्न बॅप्टिस्ट होते, रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे श्रद्धावान गृहस्थ होते. रेगन हे चित्रपट अभिनेते आणि घटस्फोटित. तरीही धर्मोपदेशकांनी त्यांची पाठराखण केली. याचा अर्थ स्पष्ट होता. उमेदवाराची श्रद्धा हा निकष नव्हताच. सत्तेत गेल्यावर तो कोणाचे ऐकणार, हा निकष होता. त्याच मेळाव्यात वेरिच यांनी आणखी एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली. सर्वांनी मतदान करावे असे आपल्याला वाटत नाही, कारण मतदार जितके कमी, तितका आपला प्रभाव अधिक. लोकशाहीच्या दृष्टीने या एका वाक्यातील धोका शंभर प्रवचनांहून मोठा आहे.

चिकाटीचे फळ

संघटनेचे काम कसे चालते, हे जाणणाऱ्या कोणालाही पुढील तीन दशकांचा वृत्तांत विचार करायला लावील. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक पॅट रॉबर्टसन अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरले. आयोवात त्यांनी उपाध्यक्ष थोरल्या बुश यांनाही मागे टाकून दुसरे स्थान मिळवले. उमेदवारी मिळाली नाही. पण जमलेल्या नावांच्या यादीतून १९८९ मध्ये ख्रिश्चन कोअॅलिशन उभी राहिली. तरुण संघटक राल्फ रीड यांनी लक्ष वळवले ते शाळा मंडळे, नगर परिषदा आणि पक्षाच्या तालुका पातळीवरील समित्यांकडे. जेथे मतदान तुरळक होते, तेथे शे-दोनशे निष्ठावंत मते निकाल फिरवतात. निवडणुकीच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये उमेदवारांच्या भूमिकांची तुलना करणारी पत्रके वाटली जात. कोणाचे नाव घेऊन मत द्या, असे त्यात लिहिलेले नसे. लिहिण्याची गरजही नसे.

या चिकाटीला फळ आले. २००४ च्या नोव्हेंबरात अकरा राज्यांत समलिंगी विवाहाविरुद्धचे घटनात्मक ठराव मतदानास आले आणि सर्व संमत झाले. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत गौरवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे पाचातील चौघांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मते दिली. मे २०१६ मध्ये ट्रम्प यांनी संभाव्य न्यायमूर्तींची यादी जाहीर केली होती. पहिल्या कार्यकाळात त्यांनी सर्वोच्च न्यायालयावर तीन नेमणुका केल्या. आणि २४ जून २०२२ रोजी त्या न्यायालयाने १९७३ चा निर्णय मोडीत काढला. एका पिढीने पेरले, दुसरीने कापले.

मग यात वावगे काय? संघटित होऊन, मते मिळवून, कायदेशीर मार्गाने उद्दिष्ट गाठले, तर तीच लोकशाही नव्हे काय? हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु त्याची कसोटी जनतेनेच लावली. ऑगस्ट २०२२ मध्ये परंपरावादी कॅन्सस राज्यात गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओहायोने सुमारे ५७ टक्के मतांनी हे संरक्षण राज्यघटनेत घातले. फ्लोरिडात २०२४ मध्ये तेवढीच मते पडूनही ६० टक्क्यांच्या अटीमुळे प्रस्ताव पडला. साउथ डकोटासारख्या राज्यात तो बहुमतानेच नाकारला गेला. म्हणजे जनतेचे मत एकसुरी नव्हते. सारे वळवण्याचे कष्ट घेण्याऐवजी न्यायासने आणि उमेदवारीच्या चाळण्या ताब्यात घेणे सोपे वाटले, आणि तेथेच वेरिच यांचे ते जुने गणित कामी आले.

भिंतीपलीकडे आणि सागरापलीकडे

भिंतीला पडलेली भगदाडे आता उघड दिसतात. १९५४ च्या कायद्यानुसार करमुक्त संस्थांना, म्हणजे चर्चनाही, उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये करखात्यानेच न्यायालयात भूमिका मांडली की, प्रार्थनासभेत आपल्या अनुयायांना केलेले राजकीय मार्गदर्शन या मनाईत बसत नाही. शाळेच्या वर्गांत दहा आज्ञा लावण्याचा केंटकीचा कायदा १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला होता. तसाच कायदा २०२४ मध्ये लुईझियानाने आणि २०२५ मध्ये टेक्सासने केला. दोन्हींना न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि आव्हान देणाऱ्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकही आहेत.

टेक्सासमधील ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या नगरांत शेकडो मराठी कुटुंबे राहतात. त्यांची मुले याच सरकारी शाळांत जातात. घरी शुभंकरोती म्हणणारे मूल वर्गात दररोज जी पाटी वाचेल, तिच्यातील पहिलीच आज्ञा अन्य दैवतांना स्थान नाही, अशी आहे. १२ जुलै २००७ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये राजन झेद यांनी प्रथमच हिंदू प्रार्थना म्हटली, तेव्हा प्रेक्षकसज्जातून तिघांनी आरडाओरडा करून ती थांबवण्याचा प्रयत्न केला. त्यांना बाहेर काढल्यावरच प्रार्थना पूर्ण झाली. सिनेटने त्या दिवशी आपला शब्द पाळला, ही गोष्ट आरडाओरड्याइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परदेश धोरणावरही या गटाची छाया पडते. विदेशांत कुटुंबनियोजनाचे काम करणाऱ्या संस्थांना गर्भपाताशी संबंध आल्यास अमेरिकन मदत बंद करण्याचे धोरण १९८४ मध्ये रेगन यांनी आणले. तेव्हापासून पक्ष बदलला की धोरण बदलते. क्लिंटन यांनी काढले, बुश यांनी आणले, ओबामा यांनी काढले, ट्रम्प यांनी आणले, बायडेन यांनी काढले, आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांनी पुन्हा आणले. गरीब देशांतील दवाखाने वॉशिंग्टनच्या मतमोजणीवर असे हिंदकळत राहतात. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यामागेही अनेक गटांसह इव्हँजेलिकल संघटनांचा मोठा रेटा होता. त्याच कायद्याने आलेल्या तरतुदीचा आधार घेऊन १८ मार्च २००५ रोजी गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना व्हिसा नाकारण्यात आला. लोकशाहीने निवडून दिलेल्या नेत्याबाबत परक्या देशाने असा निवाडा करावा काय, हा प्रश्न तेव्हा भारत शासनानेही उपस्थित केला होता. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २००३ पासून आफ्रिकेत एड्सविरोधी औषधे पोहोचवून लक्षावधी प्राण वाचवणाऱ्या अमेरिकन योजनेलाही याच समाजाचे पाठबळ होते. करुणा आणि कब्जा या दोन्ही प्रवृत्ती एकाच घरात नांदत असतात.

चर्चला काय मिळाले?

राज्याचे काय झाले ते दिसले. चर्चचे काय झाले? बुश यांच्या कारकिर्दीत श्रद्धाधिष्ठित सेवाकार्यासाठी व्हाइट हाउसमध्ये स्वतंत्र कार्यालय निघाले. तेथील एक वरिष्ठ अधिकारी डेव्हिड कुओ हे स्वतः इव्हँजेलिकल. त्यांनी २००६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले की, ज्या धर्मोपदेशकांना समोर मिठ्या मारल्या जात, त्यांची पाठीमागे टवाळी होई. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात क्रूसही मिरवले गेले आणि सिनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी तेथे प्रार्थनाही केली. सदर्न बॅप्टिस्टांच्या नीतिविषयक आयोगाचे प्रमुख रसेल मूर यांनी या साऱ्याविरुद्ध आवाज उठवला. २०२१ मध्ये ते त्या पदावरून आणि पुढे त्या संप्रदायातूनही बाहेर पडले.

आकडे आणखी बोलके आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ अमेरिकन स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते; २०२३-२४ मध्ये ते प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. कोणत्याच पंथाचे नसलेले १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. सदर्न बॅप्टिस्टांची सदस्यसंख्या २००६ मध्ये सुमारे १ कोटी ६३ लाख होती, ती २०२४ मध्ये सुमारे १ कोटी २७ लाख उरली. या ओहोटीची कारणे अनेक आहेत. पण समाजशास्त्रज्ञ मायकेल हाउट आणि क्लॉड फिशर यांनी २००२ मध्येच दाखवून दिले होते की, ईश्वरावर विश्वास असलेले अनेक लोक केवळ चर्चच्या राजकारणाला विटून चर्चचे नाव टाकत आहेत. पक्षाचा विरोध करता करता ते प्रार्थनेलाच पारखे झाले. सत्ता मिळवताना श्रद्धा गमावली, असा हा व्यवहार.

श्रद्धेने नागरिक घडवावा, नागरिकाने विवेकाने मत द्यावे, आणि शासनाने सर्वांच्या उपासनेला सारखेच अभय द्यावे, ही क्रमवारी जोवर पाळली जाते, तोवर श्रद्धा लोकशाहीचे बळ असते. व्यासपीठ पक्षाचे कार्यालय झाले, की पक्षाची पापे व्यासपीठाच्या माथी येतात. हा नियम एका देशापुरता नाही आणि एका पंथापुरताही नाही. चेशायरच्या शेतकऱ्यांना तो पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. त्यांनी राज्याकडे मागितले होते ते एवढेच, की आमच्या देवाच्या कामात पडू नका. त्यांच्या वारसांनी राज्याकडे देवाचे काम मागितले. चीजचा तो गोळा केव्हाच संपला. भिंत अजून उभी आहे. ती डागडुजी करून राखायची की पाडायची, हे अमेरिकेतील श्रद्धावंतांनाच ठरवायचे आहे, कारण ती मुळात त्यांच्याच अंगणाचे कुंपण आहे.